दुसरं बोट

यंत्र कुठलंही असो, समोर आलं की मी आधी त्याचं झाकण काढतो आणि मग त्याला काय झालंय ते विचारतो. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उभं आयुष्य गेलं, त्याची ही खोड. त्यामुळं जावयाच्या भावानं सौदीहून रक्तातली साखर मोजायचं यंत्र आणलं आणि मुलीनं ते नाशिकहून एका ओळखीच्या माणसाबरोबर मला कोल्हापूरला धाडलं, तेव्हा मी बोट टोचायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मागचे स्क्रू काढले, आत डोकावलो आणि म्हटलं, हात्तिच्या, एवढंच होय!

आत एक बारका दिवा होता आणि त्याच्यासमोर एक इवलंसं भिंग. कागदी पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा. मिनिटभर थांबायचं. यंत्र शीळ घालतं, मग पट्टी कापसानं टिपायची आणि फटीत सरकवायची. रक्तात साखर जितकी जास्त तितका पट्टीचा रंग गडद. यंत्र तो रंग बघतं आणि आकडा सांगतं. आमची ही हेच काम यंत्राशिवाय करायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब सोडायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं की स्वारी खूश. विटकरी झालं की मला न दाखवता नळी मोरीत ओतायची, जणू मला कळतच नव्हतं. साखरेनंच गेली ती. यंत्र आलं तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि ती नळी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. काढून तरी ठेवणार कुठं?

ती गेल्यावर मी काहीबाही खात राहिलो. दुपारी मिसळ, संध्याकाळी भजी, रात्री खानावळीचा डबा. मग पायांना मुंग्या यायला लागल्या, तहान भागेना. डॉक्टरांनी लॅबला पाठवलं, दंडातनं रक्त काढलं आणि मलाही साखर निघाली. बायकोनं जाताना मागं ठेवलेली तेवढी एकच वस्तू मी नीट सांभाळली, असं मी डॉक्टरांना म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

यंत्र आल्यावर मी ते त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी ते खालीवर करून बघितलं आणि त्यांना ते भलतंच आवडलं.

"मेस्त्री, आता लॅबला कशाला पैसे घालता? रोज सकाळी उपाशीपोटी मोजा आणि आकडा मला सांगा. एकदाच मोजा पण. या पट्ट्या इकडं मिळत नाहीत."

"आणि आकडा नाहीच उतरला तर?"

"मग इन्सुलिन. रोज सुई."

मुलीला मी फोनवर हे सांगितलं. फोन आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता. ती रविवारी सकाळी करायची आणि दुकानदार मला हाक मारायचा. इन्सुलिन तिला नवं नव्हतं. आईच्या सुया तिनंच टोचलेल्या, लग्न होऊन जाईपर्यंत.

"आप्पा, एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "सुई लागली तर तुम्ही तिथं एकटं राहायचं नाही. दुकानाला कुलूप घालायचं आणि माझ्याकडं यायचं. त्यात काही बोलायचं नाही."

मी म्हटलं, बघू. पण मला जायचं नव्हतं. नाशिकला मी एकदा पंधरा दिवस राहून आलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, सगळी माणसं मला तळहातावर झेलणारी. सकाळी जावई कामावर, मुलं शाळेत, मुलगी तिच्या बँकेत. मी सोफ्यावर बसून दारावरची बेल वाजायची वाट बघायचो. तिथं कुणाचा रेडिओ बिघडलेला नव्हता. इथं माझ्याकडं निदान दुकान होतं. टीव्ही घरोघरी आल्यापासनं रेडिओ कमी झाले होते हे खरं, तरी राधानगरीकडचा एखादा म्हातारा पिशवीतनं ट्रान्झिस्टर घेऊन यायचा, बाकावर बसायचा, तासभर शेतीभातीचं बोलायचा. त्याच्या आवाजावर माझा दिवस जायचा. म्हणून आकडा उतरायलाच पाहिजे होता.

तर मी मोजायला लागलो. माहितीच्या पुस्तकात पहिलंच चित्र होतं नळाखाली हात धुतानाचं. हात धुवायला पुस्तक लागतंय होय, असं म्हणत मी हात धुतले, झटकले, बोट टोचलं. थेंब आला आणि ओल्या बोटावर सगळीकडं पसरला. पट्टीवर रक्त कमी आणि पाणीच जास्त. आकडा आला साठ. दुसऱ्या दिवशी तर यंत्रानं आकडाच दिला नाही, नुसतीच शीळ घातली. डॉक्टर म्हणाले, "एवढी कमी असती तर तुम्ही इथवर चालत आला नसता. काहीतरी चुकतंय."

चुकतंय म्हटलं की माझं डोकं चालायला लागतं. चूक मला लगेच सापडली. पाणी! यंत्र आणि पाणी यांचं जन्माचं वैर. आम्ही दुकानात कुठली गोष्ट पाण्यानं पुसतो का? खटके, बटणं, बँड बदलायची पट्टी, सगळं स्पिरिटनं. स्पिरिट मळ काढतं आणि उडून जातं, मागं काही राहत नाही. मग बोट तरी पाण्यानं कशाला धुवायचं? दुसऱ्या दिवसापासनं मी स्पिरिटचा बोळा घेतला, बोट पुसलं, क्षणात कोरडं. थेंब कसा टपोरा आला, मोत्यासारखा. पट्टीवर नीट बसला. मी स्वतःवरच खूश झालो. शीळ वाजली, पट्टी टिपली, सरकवली.

दोनशे अठ्ठेचाळीस.

आता हे सगळं सकाळी कधी व्हायचं ते सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत एक गवळी म्हैस घेऊन यायचा आणि दारादारांत समोर धार काढून द्यायचा. आमच्या हिनं त्या म्हशीला एक सवय लावली होती. डब्यातली भाकरी घ्यायची, तिच्यावर गुळाचा खडा ठेवायचा, बोटांनी दाबून दाबून कुस्करायचा आणि ती भाकरी म्हशीच्या तोंडापुढं धरायची. सवय इतकी जडली की आमच्या दारात गूळभाकरी मिळाल्याशिवाय म्हैस पान्हाच सोडेना. ही गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात म्हैस दारात येऊन उभी राहिली आणि हलायला तयार नाही. गवळ्यानं शेपूट पिरगाळलं, ढकललं, शिव्या घातल्या.

"मेस्त्री, वैनींची वाट बघतीया ती," तो म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

मी आत जाऊन डबा उघडला. तेव्हापासनं ते काम माझं. खानावळीच्या डब्यातली एक भाकरी रोज उरायचीच. दिवस गुऱ्हाळांचे होते, पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक नव्या गुळाची ढेप ठेवून गेलं होतं. नवा गूळ, मऊ, नुसता चिकट. भाकरीवर कुस्करला की बोटांच्या पेरांत बसायचा. मी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचो, दूध घ्यायचो, चहाचं आधण ठेवायचो आणि आधण उकळेपर्यंत यंत्र घेऊन बसायचो.

तुम्हाला आता हसू येत असेल. मला तेव्हा येत नव्हतं.

दोनशे अठ्ठेचाळीस. दोनशे तीस. दोनशे एकोणसत्तर. मी मिसळ सोडली, भजी सोडली, चहातली साखर सोडली. रोज संध्याकाळी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायला लागलो. आकडा ढिम्म हलेना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, परत वाढवल्या. वर मला आणखी एक नवीनच सुरू झालं. सकाळी दुकान उघडल्यावर घटकाभरानं घाम फुटायचा, सोल्डर करताना हात लटलट कापायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. साखर वाढलीय म्हणून ताकद गेली, असं मी धरून चाललो. समोरच्या टपरीवरनं गोड चहा मागवायचो, तो पोटात गेला की हुशारी यायची. पथ्य मोडलं म्हणून मनाला लागायचं आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही.

यंत्राचा संशय मला पहिल्यापासनं होता. बॅटरी बदलली. भिंग पुसलं, अर्थातच स्पिरिटनं. पट्ट्यांच्या बाटलीला सर्दी लागली असेल म्हणून बाटली तांदळाच्या डब्यात ठेवली. कापूस जोरात दाबून बघितला, हलका दाबून बघितला. मिनिट मोजायला घड्याळ समोर ठेवलं. शेवटी सगळे पार्ट मोकळे करून टेबलावर मांडले आणि परत जोडले. यंत्र निर्दोष होतं. त्याच्यासारखं सुबक काम मी आयुष्यात बघितलेलं नव्हतं, याचा मला आणखीच राग यायचा.

त्यात मुंग्या. यंत्राच्या डबीभोवती, टाकलेल्या बोळ्यावर, पंच्याच्या टोकाला बारक्या लाल मुंग्या यायला लागल्या. हिच्या दुखण्यात मोरीपाशी अशाच मुंग्या यायच्या आणि शेजारच्या बायका म्हणायच्या, साखरवाल्याच्या मागं मुंग्या लागतात. मी एक दिवस त्या बोळ्याकडं बघत बसलो. माझ्या रक्ताचा एवढासा ठिपका आणि त्याच्याकडं चाललेली ती रांग. म्हटलं, संपलं. यंत्र खोटं बोलेल, मुंग्या कशाला बोलतील? त्या दिवशी मला माझ्या घरात बसून भीती वाटली. चहा उकळून सांडून गेला तरी मी उठलो नाही.

दुकानात एखादा दोष सापडत नाही तेव्हा आम्ही एक साधी गोष्ट करतो. शंका असलेला पार्ट काढतो आणि दुसऱ्या चांगल्या सेटमध्ये घालून बघतो. तिथं चालला तर पार्ट चांगला, दोष पहिल्या सेटमध्ये. इथंही तेच करायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाचं तरी बोट टोचायचं. चांगल्या माणसाचा आकडाही चुकीचा आला तर यंत्र खोटं. सोपं होतं, पण दुसरं बोट आणायचं कुठनं?

गवळी चरवी घेऊन बसला होता, त्याला म्हटलं, "अरं, जरा बोट दे की. एक थेंब काढतो."

त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "न्हाय मेस्त्री. रगत-बिगत नगं. दूध काय मागशीला त्येवढं देतो."

"मुंगी चावल्यागत हाय रं."

"मग मुंगीचंच काढा की!"

किराणावाला म्हणाला, उद्या बघू. त्याचा उद्या काही उजाडला नाही. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कसं विचारणार, पावणं, रेडिओ होईपर्यंत तुमचं रक्त बघू का म्हणून? घरात दुसरं माणूस असतं तर सांगायचीसुद्धा गरज नव्हती. ते समोर बसलं असतं, मी त्याचा हात ओढून घेतला असता. एवढ्या मोठ्या गावात एक बोट मला मागता येईना, हे त्या आठवड्यात मला कळलं आणि ते साखरेपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या रविवारी फोनवर मी आकडा सांगितला. दोनशे एकाहत्तर.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पुढल्या सोमवारी सुई सुरू करू म्हणतात."

"मी येते," ती म्हणाली. "बांधाबांध मी करते. तुम्ही काही करू नका."

ती बुधवारी एस.टी.नं आली. रजा काढून, मुलांना नवऱ्यावर सोडून. आल्या आल्या पिशवी ठेवली, पदर खोचला आणि घर झाडायला घेतलं. नाशिकला जाऊन तिची भाषा मऊ झाली होती, पण चिडली की आतलं कोल्हापूर बाहेर पडायचं. कपाट उघडून तिनं माझे सदरे मोजूनमापून दोन ढीग केले, न्यायचे आणि टाकायचे. मी दारात उभा राहून बघत होतो. मग ती खिडकीतली नळी काढायला गेली आणि मी ओरडलो.

"तिला हात लावायचा न्हाय!"

"आप्पा, दुकान बंद करायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझं ठरलंय. माझं कुठं ठरलंय? यंत्र खोटं हाय ते!"

"व्हय, सगळं जग खोटं आणि तुम्ही तेवढे खरे! आई पण असंच म्हणायची. नळी खोटी, औषध जुनं झालंय, दिवा नीट पेटत न्हाय. शेवटी काय झालं?"

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिनं पिठलं-भाकरी केली. घरात थापलेल्या भाकरीचा वास कितीतरी दिवसांनी आला होता, पण आम्ही दोघंही मान खाली घालून जेवलो. भाकरी मात्र तिनं एक जास्तीची केली. कशाला ते मी विचारलं नाही.

सकाळी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. मी उठायच्या आत तीच उठली. डबा तिनंच उघडला. भाकरीवर गुळाचा खडा ठेवून तिनं बोटांनी दाबून दाबून कुस्करला, अगदी आईसारखा, अंगठा आडवा धरून. म्हशीनं भाकरी ओढून घेतली आणि आल्यापासनं पहिल्यांदा पोरगी हसली. मग मीही एक तुकडा गूळ लावून घातला. गवळी धार काढता काढता म्हणाला, "आज दोगं दोगं. चैन हाय म्हशीची." तिनं पदराला हात पुसले, मी पंच्याला पुसले आणि आम्ही आत आलो.

आधण ठेवलं, यंत्र काढलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरं बोट घरात आलं होतं की!

"तुझं बोट दे."

"माझं कशाला?"

"तू चांगली धडधाकट हायस. तुझा आकडा शंभराच्या आत यायला पाहिजे. न्हाय आला तर यंत्र खोटं. मग मी कुठं येत न्हाय. हाय कबूल?"

"आणि आला तर गप बॅग उचलायची."

"उचलतो."

तिनं बोट पुढं केलं. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. शीळ झाली. टिपली, सरकवली. दोघंही त्या बारक्या काचेकडं डोळे लावून बसलो.

दोनशे चौऱ्याऐंशी.

"बघितलंस?" मी मांडीवर थाप मारून ओरडलोच. "बघितलंस काय? खोटं हाय साल्याचं यंत्र! मी सांगत नव्हतो? आता लाव माझे सदरे कपाटात परत!"

मी वर बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक. बोट तसंच पुढं धरलेलं, त्यावर रक्ताचा थेंब सुकत होता.

"आप्पा," ती म्हणाली, "आईलाही असंच अचानक निघालं होतं. माझ्याच वयात."

माझ्या आनंदावर कुणीतरी घागर ओतली. हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. मी यंत्राला हरवायला निघालो होतो आणि समोर बसली होती माझी लेक, आईच्या सुया टोचलेली, आईचे चिघळलेले पाय बघितलेली. यंत्र खरं असलं तर? माझाही आकडा खरा आणि तिचाही खरा? मग सोमवारची सुई मी आनंदानं घेतली असती, नाशिकला काय, कुठंही गेलो असतो. अरे देवा, म्हटलं, खोटं असू दे हे यंत्र. मघाशी तेच मी स्वतःसाठी मागत होतो. आता तिच्यासाठी मागत होतो.

"थांब," मी म्हटलं. "रडू नको. जरा थांब. मला विचार करू दे."

मी तिच्याकडं न बघता विचार करायला लागलो, दुकानात करतो तसा. दोन वेगळ्या रेडिओंत एकच घरघर आली तर दोष रेडिओत नसतो. तो बाहेरच्या तारेत असतो, दोघांना मिळून जी येते तिच्यात. माझं बोट आणि हिचं बोट. दोघांना मिळून आलंय ते काय? यंत्र एक, पट्टी एक, बोळा एक. आणखी काय? तेवढ्यात तिच्या दुसऱ्या हाताकडं माझी नजर गेली. तो मांडीवर पडला होता. त्याच्या अंगठ्यावर एक लाल मुंगी चढत होती. तिच्या मागं पदरावरनं आणखी एक.

त्या हाताला मी टोचलं नव्हतं. तिथं रक्त नव्हतं. मग मुंगी तिथं कशाला?

मी तो हात उचलून नाकाशी धरला. मग अंगठा तोंडात घातला.

"आप्पा, काय करताय हे?"

"गूळ," मी म्हटलं. "अगं, गूळ हाय हा! चल. ऊठ. मोरीत चल."

बंबातलं कढत पाणी मी बादलीत काढलं, त्यात गार मिसळलं आणि तिचे दोन्ही हात धरून पाण्यात घातले. साबण लावला. एकेक बोट चोळलं, पेर, नख, नखाची कड. शाळेतनं शाईनं माखलेले हात घेऊन यायची तेव्हा असेच धुवायचो मी, कारण आई चिडायची. त्या वेळी ती चुळबुळ करायची. आता हात माझ्या हातात देऊन गप उभी होती. दोन वर्षांत मी कुणाचा हात असा धरला नव्हता आणि माझाही कुणी धरला नव्हता. डॉक्टर नाडी बघायचे तेवढंच. धुऊन झालं तरी मी थोडा वेळ पाणी ओततच राहिलो. मग कोऱ्या टॉवेलानं एकेक बोट कोरडं केलं, ओल राहू दिली नाही, स्पिरिट तर लांबच ठेवलं.

दुसरं बोट टोचलं. शीळ वाजेपर्यंत दोघंही घड्याळाकडं बघत बसलो.

ब्याण्णव.

ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली आणि मध्येच हसायला लागली. मग तिनं माझे हात धरले, मोरीत नेले आणि तसेच धुतले, जरा जास्तच जोर लावून. माझा आकडा आला एकोणऐंशी. डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी दंडातनं रक्त काढून लॅबला धाडलं, तिथनंही तसंच आलं. गूळ स्पिरिटात विरघळत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मळ निघत होता, गूळ तिथंच बसत होता आणि रक्ताबरोबर पट्टीवर जात होता. घामाचं आणि हात कापण्याचं मी आता सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. फुकटच्या गोळ्यांनी साखर पार खाली चालली होती. वर सोमवारी इन्सुलिन टोचलं असतं तर मी दुकानाच्या बाकावरच आडवा झालो असतो, असं ते स्वतःच म्हणाले आणि त्यांनी निम्म्याहून जास्त गोळ्या खोडल्या. बाहेर आल्यावर पोरीनं माझा दंड घट्ट धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

म्हणजे मी जिंकलो होतो. सदरे परत कपाटात गेले. नळी खिडकीत राहिली.

ती रविवारपर्यंत राहणार होती, बांधाबांध करायला. आता बांधायचंच काही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "मुलांची परीक्षा आलीय आप्पा. मी उद्याच निघते म्हणते." मी म्हटलं, "जा की. इथं काय अडलंय?" ही माझी बोलायची रीत. मनात म्हणत होतो, रविवारपर्यंत थांब. नुसती थांब. काही करू नको. ते तोंडातनं बाहेर आलं नाही.

स्टँडवर मी तिला खिडकीची जागा धरून दिली. गाडी हलायच्या आधी तिनं बाहेर वाकून माझ्या हातावर हात ठेवला.

"मोठा घोर मिटला बघा," ती म्हणाली. "आता माझा जीव थाऱ्यावर आला. रोज हात धुवायचे. आणि आकडा वाढला तर लगेच फोन करायचा. हातातलं टाकून येते."

"व्हय," मी म्हटलं.

पुढं रविवारचे फोन आधी लहान झाले, मग एक आड एक रविवारी यायला लागले. दोष तिचा नाही. बरं चाललेल्या माणसाला रोज काय विचारायचं? मी कबूल केल्याप्रमाणं वागलो. रोज सकाळी म्हैस यायची, मी भाकरीवर गूळ कुस्करायचो, मग मोरीत जायचो आणि एका हातानं दुसरा धुवायचो. गुळाचा डबा तिथंच असायचा. एक बोट तसंच लावलं तर आकडा दोनशेच्या पुढं जातो आणि परवा दिवशी लेक दारात उभी राहते, हे मला पक्कं माहीत होतं. मी हात धुवायचो, कोरडे करायचो, मोजायचो आणि रिकाम्या घरात आकडा मोठ्यानं म्हणायचो. पट्ट्या संपेपर्यंत तो एकदाही वाढला नाही.